मोजणीची रात्र

विनिपेग, उणे एकतीस.
ओटावाहून आलेला फॉर्म, पान तिसरं:
आज रात्री कुठे झोपणार?
पर्याय पाच.

लाँड्रोमॅटमध्ये ड्रायरला पाठ टेकून बसलेला
टॅलन म्हणतो, मित्राकडे.
कुठल्या मित्राकडे, हे फॉर्म विचारत नाही.
सिगरूननं बरोबरची खूण केली,
दारापर्यंत गेली.

ड्रायर रिकामाच फिरत होता.

सतरा वर्षांचा.
बुटांत मोज्यांऐवजी पावाच्या पिशव्या.
आधी आकडा, मग घरं, असं सरकार म्हणतं.
असेलही बरोबर.

ती परत आली. पेन खिशात.
"मुलीची खोली रिकामी आहे माझ्याकडे.
हीटर खडखडतो रात्रभर.
मांजर चावतं."

बराच वेळ तो काचेतून आत बघत राहिला.
मग म्हणाला, "किती दिवस?"

यालाही रकाना नव्हता.