ओलेसुनला उतरले नाही

चौथ्या डेकवर, लाइफबोटीच्या आडोशाला
ब्रॅम्बलसाठी भुशाची पेटी.
दीड दिवस तिनं नाक मुरडलं.
जमीनच हलते, बसायचं कसं?
मग एकदाची बसली.
मी भर वाऱ्यात टाळ्या पिटल्या.

ओलेसुनला अडवलं तिला.
जंताच्या गोळीचा शिक्का राहिला होता
घरच्या डॉक्टरकडून.
विनिफ्रेड म्हणाली, तू चल ना, मी हात धरते.
विनिफ्रेड हात ओढते.

बोट रिकामी झाली.
नॉर्वे म्हणजे मासळीचा वास
आणि लांबवर कुणीतरी ठोकत असलेला खिळा.
मी ब्रॅम्बलच्या पाठीवरचं बक्कल सोडलं.
मूठ उगाच मिटलेलीच राहिली.

आणि नखं ऐकू आली,
फळ्यांवरून,
दूर,
अजून दूर,
वळून पुन्हा दूर.

सहा वर्षं माझ्या चालीनं चालली पोर.
मला ठाऊकच नव्हतं
बोट एवढी लांब आहे.