भरत आलेली

थ्युबोरोनच्या धक्क्यापासून चाळीस मैलांवर
पहाटे जाळं वर येतं.
डेकवर चपटे डॅब मासे
ओल्या पानांसारखे एकावर एक.

माझ्या तक्त्यात तीन रकाने:
उघडी. भरत आलेली. भरलेली.
मासा उचलते, पालथा करते,
फूटपट्टी लावते.
बारा मिलिमीटर. शेपटीकडे. उघडी.
कडेला पांढरी किनार, मध्ये लाल मांस,
चमच्यानं कुणी खरवडून काढल्यासारखं.

जखमेवर मीठ चोळणं म्हणतात.
यांना चोळायला कुणी लागत नाही,
यांची जखम मिठातच उठते-बसते.

रात्री केबिनमध्ये बशा उघडते.
हिरव्या जेलीवर पिवळे ठिपके: व्हिब्रिओ,
सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा.
मागच्या फेरीतल्या बशीत
आठवडा लावून उगवलेला
एक आळशी तपकिरी डाग: एरोमोनास.
आधी कोण आत शिरलं, विचारू नका.
फाटल्या कातडीवर सगळे पाहुणे म्हणून येतात
आणि घरचे होऊन बसतात.

थोरकिल, आमचा तांडेल, दारात उभा.
"कारखान्यांचं पाणी ना? मग लिही की तसं."
त्याच्या बापापासूनचा नेम आहे,
वीतभराखालचा मासा परत पाण्यात.
"सोडला म्हणजे वाचला."

मी त्याला एकोणतिसावा दाखवते.
जखमेभोवती खवले गेलेत ते रेषारेषांनी,
आणि रेषांमधलं अंतर मी मोजलंय.
त्याच्या जाळ्याच्या घराएवढंच.

जंतू तर पाण्यात असतातच, थोरकिल.
ते दबा धरून बसत नाहीत,
दबा धरायला मन लागतं.
आपण बुळबुळीत म्हणून ज्याला नाक मुरडतो
तेच माशाचं दार.
तुझ्या कोरड्या हातमोज्यानं ते निघून येतं,
आणि तू भल्या मनानं
उघड्या दाराचा मासा समुद्रात सोडतोस.

तो काहीच बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी, जानेवारीतल्या त्या वाऱ्यात,
हातमोजे काढून बादलीत हात बुडवले त्यानं.
बोटं लाल होईपर्यंत.
मग एकेक लहान डॅब दोन्ही तळव्यांवर घेऊन
कठड्याखाली वाकून सोडत राहिला.
पोरं हसली. मीही, थोडी.

किती सोडले, मोजायचं राहून गेलं.

बंदरात शिरताना भरती होती.
मधल्या रकान्यात, सबंध फेरीत,
दोनच.