पाणी पाळलंस काय

तेवीस वर्षं देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
मी मासे थंड ठेवले.
दुसऱ्यांचे. मेलेले.
सुरमई, सरंगा, हलवा,
डोळ्यांत बर्फाचा चुरा गेलेले.
हात बारमाही बधिर,
चहाचा कप ओठांना लागल्यावरच कळतं
की तो गरम आहे.

आणि पंचेचाळिसाव्या वर्षी
मला काचेची टाकी घ्यायची बुद्धी झाली.

पाच बाय दोन बाय दोन.
सदू मेस्तांनी कानावरची पेन्सिल काढून हिशोब मांडला:
पाणी साडेपाचशे लिटर, काच वेगळी,
म्हणजे घरात रेडा उभा करतोयस तू.
त्यांनी फणसाच्या फळ्या नाकारल्या, ऐनाच्या घेतल्या,
जमिनीखालचा जांभा पहारीनं ठोकून ऐकला.
लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत
आम्ही दोघं वाकलेलो, श्वास धरून.

सिलिकॉनचा आंबट वास आठवडाभर खोलीत.
शेवंती म्हणाली, लोणचं बिघडलंय कुठेतरी.

कोल्हापूरचा माणूस फोनवर सांगत होता,
डिस्कसला मऊ पाणी लागतं, जरा आंबट,
ते तुम्ही समुद्राकाठी कुठून आणणार?
मी विहिरीचं पाणी नळीत घेतलं, चार थेंब टाकले.
पिवळं झालं. हवं होतं तसंच.
ज्या पाण्यात आमची डाळ चटकन शिजते,
ज्यात साबण अंगावरून सुटता सुटत नाही,
ते पाणी कुठल्याशा लांबच्या,
पानं कुजून काळ्या झालेल्या नदीचं
सख्खं भावंड निघालं.

मग टाकी भरली, आणि दीड महिना काहीच नाही.
लिलावातून एक कोळंबी आणली,
जुन्या मोज्यात बांधून पाण्यात सोडली, सडायला.
डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
तिच्यावर पोसलं जायचं होतं आधी.
रोज रात्री थेंब, रोज नळी दिव्यासमोर:
हिरवी, हिरवी, गडद हिरवी.
शेजारचा येसू टांडेल दारात उभा राहून बघायचा.
मासे खंय रे?
येतील.
मगे ह्या काय? पाणी पाळलंस काय?
मी हो म्हणालो. दुसरं उत्तर नव्हतंच.

सहा मासे आले कणकवलीला, पहाटेच्या गाडीनं.
खोका थर्माकोलचा, आम्ही सरंगे भरतो तसाच,
तीच तपकिरी चिकटपट्टी.
हात सवयीनं बर्फ शोधायला लागले.
आत गरम पाण्याच्या बाटल्या होत्या,
टॉवेलात गुंडाळलेल्या, बाळंतिणीला शेकायला देतात तशा.

दिवे बंद ठेवून पिशव्या तरंगवल्या.
सुटले, तर सहाच्या सहा कोपऱ्यात,
थाळीएवढे म्हणून घेतलेले, निघाले बशीएवढे,
भीतीनं काळवंडलेले.
पाच जण तिसऱ्या दिवशी निळे झाले.
एक तसाच राहिला, काळा, भिंतीकडे तोंड करून.
त्याच्यासाठी मी कोळंबी लसूण घालून वाटली,
बोटाच्या पेरावर धरली, काचेशी बसलो.
काही नाही.

सहाव्या रात्री वीज गेली.
दहा मिनिटं. वीस.
टाकीतला काटा एकोणतिसावरून सत्तावीसवर यायला वेळ लागतो,
पण येतो.
तेवढ्यात मालकांचा फोन:
कारखान्याचा जनरेटर धरत नाहीये, लवकर ये.
तिकडे बर्फ सुटत चाललेला, इकडे पाणी निवत चाललेलं,
आणि दोन्हीकडचा माणूस मी एकटाच.

चपला घातल्या. काढल्या. पुन्हा घातल्या.
शेवंती काही बोलली नाही,
तिनं चुलीवर हंडा चढवला
आणि आपल्या बिछान्यातली गोधडी ओढून घेतली.

पहाटे परतलो तेव्हा कोपरापर्यंत डिझेल,
बोटं नेहमीसारखी मेलेली.
टाकी गोधडीत, वर कोमट पाण्याच्या बाटल्या तरंगताहेत,
आणि तिला टेकून बसलेली ती, अर्धवट झोपेत,
गाल काचेला.
डोळे न उघडताच म्हणाली,
त्या काळ्यान खाल्ल्यान.

मी हात धुतले. दोनदा.
मग तळवा काचेवर ठेवला,
पण मला काय कळणार,
तिलाच विचारलं, गरम आहे ना?