गार वाडगी

मला सिनेमातलं काही कळत नाही.
मला सूप कळतं.
चाळीस वर्षं नेरिमाच्या या रेल्वे फाटकाशी
मी सोबा उकळते आहे.
फाटकाच्या अलीकडे तोबिउओ स्टुडिओ,
पलीकडे कागेरो,
मध्ये माझी आठ स्टुलं.

तोबिउओवाले पाणी काढायचे.
म्हणजे चित्रातलं.
एक बेडूक डबक्यात पडायचा असला
तर मिनेगिशी सोळा दिवस त्या डबक्यापाशीच.
कागेरोवाल्यांचा वारा.
त्यांच्या गवतात शिरलेला वारा
पडद्यावरून खाली उतरायचा, म्हणतात,
पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरावा तसे
गळ्याचे रुमाल सावरायच्या.
मी पाहिलं नाही. दुकान कोण सांभाळणार?

पाणीवाले वारेवाल्यांना पाण्यात पाहायचे.
वारेवाले पाणीवाल्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत.
शेजारी बसून एकाच डबीतलं तिखट हवं असलं
तरी 'डबी सरकवा' म्हणून मला सांगायचे.

कुणाचा सिनेमा जमतोय
ते मला वाडग्यांवरून कळायचं.
ऑर्डर रात्री अकराला,
वाडगी सकाळी परत:
सोबा फुगून दोरखंड,
वर तेलाची थिजलेली साय,
काठावर शिसपेन्सिलीचा काळा अंगठा.
अन्न आहे ते. मला राग यायचा.
पण गार वाडगं म्हणजे
कुणाला तरी हातातली रेघ सोडवली नव्हती.

एकोणऐंशीच्या थंडीत
तोबिउओतून एकतीस वाडगी आली, काठोकाठ.
वसंतात ती फिल्म लागली
आणि लोक थिएटरातून
कोरडे असूनही अंग पुसत निघाले.

पुढच्या थंडीत मिनेगिशीनं मान खाली घालून विचारलं,
'पलीकडून किती?'
अठ्ठावीस होती.
मी म्हटलं, 'चाळीस.'
का म्हटलं कुणास ठाऊक.
तो अर्धं टाकून उठला.
दुसऱ्या दिवशी कागेरोची उएसातो,
वाऱ्याची बाई, तीही तेच विचारायला आली.
तिलाही चाळीस.
मग पंधरा वर्षं
मी दोन्हीकडे खोटं बोलत राहिले,
आणि चित्रं, म्हणतात,
तेव्हा फार चांगली निघत होती.

पुढे बेडकाच्या बाहुल्या निघाल्या.
बेडकाचे डबे, बेडकाच्या चपला,
बेडकाचा दुसरा भाग, चौथा, सातवा.
पाणी यंत्रातून येऊ लागलं,
सगळीकडे सारखंच ओलं.
कागेरोनं वारा बाहेरदेशी करायला दिला
आणि इथली माणसं
वाऱ्यावर सोडली.
आता ऑर्डर बाराला,
साडेबाराला वाडगी परत,
चाटून पुसून, घासायलाही नकोत अशी.
धंदा इतका चांगला कधीच नव्हता.
हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.
कर्ज फिटलं, गुडघा बदलून घेतला.

एकदा मात्र दुकान बंद ठेवून
सातवा बेडूक पाहायला गेले.
शेजारचं पोर खिदळत होतं, त्याला मजा आली,
खोटं कशाला बोलू.
पण बेडूक पडला
आणि पाणी त्याच्या आधीच हललं होतं.
मला, सोबा उकळणारीला,
ते दिसलं.

कागेरोच्या जागी आता दातांचा दवाखाना आहे.
उएसातो मुलीकडे गेली, सेंदाईला.

परवा मिनेगिशी आला.
हात कापतो. वाडगं दोन्ही हातांनी धरतो.
खिडकीतून फाटकापलीकडे बघत
हळूच म्हणाला,
'पलीकडून किती?'

दवाखान्याचा निळा दात उजळत होता, विझत होता.
मी सूप ढवळलं.
'एक्केचाळीस,' म्हटलं.

त्यानं काड्या खाली ठेवल्या,
काड्यांचं कागदी पाकीट उलटं केलं,
खिशातून बोटाएवढी उरलेली पेन्सिल काढली.
बेडूक नाही काढला.
बेडूक बुडाल्यानंतरचं
पहिलं वर्तुळ, अर्धंच,
मग पुसलं, मग पुन्हा.

सोबा फुगत होता.
मी तो गरम करून दिला नाही.