बाराच्या अलीकडे

पत्रक म्हणतं, हातांसाठी वीसपर्यंत चालतं.
पत्रकाला काय जातं म्हणायला.

स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन उथळ ट्रे,
नळाचं कोमट पाणी, तळवा बुडेल एवढंच,
तळाशी पत्रे, पत्र्यांवर टॉवेलच्या घड्या.
अंगठी मीठदाणीशेजारी.
ती काढायला कधीच कष्ट पडले नाहीत,
ओल्या बोटावरून आपोआप सटकते.
अंगठ्याजवळ चिरलंय, तिथे व्हॅसलीन.
मग मिलोय्का दोन्ही हात पाण्यात ठेवते
आणि बटण उरतं माझ्याकडे.

इद्रियाच्या खाणीत एकतीस वर्षं मी वीज सांभाळली.
पंप, पंखे, पाळणा.
तिथे वीज असायची नाहीतर नसायची,
कुणाला विचारावं लागत नसे.
इथे चार. "काही नाही."
सहा. "मुंग्या."
आठला भुवई.
दहाला ती खिडकीबाहेर बघते, म्हणजे चाललंय.
तेराला ती काहीच म्हणत नाही,
आणि मिलोय्का काहीच म्हणत नाही म्हणजे काय,
एवढं तरी मला चाळीस वर्षांत कळलंय.
मागे घेतो. सावकाश.
बारा. अजून जरा अलीकडे.
तिथे आकडा नाही, नुसती बारीक रेघ आहे.

लेसच्या शाळेत तिचा पांढरा दोरा पिवळा पडायचा.
तोन्चका बाईंनी तिला पावडरचा डबा दिला
आणि शेवटचं बाक.
रविवारी चर्चच्या दारात ती हात खिशात ठेवायची.
लोक म्हणाले, लापांची पोर हात आखडता घेते.
नाचाला मीही विचारलं होतं.
म्हणाली, पाय दुखतात.
वर्षभर मी तिच्या पायांची चौकशी करत होतो.

दहा मिनिटं. शून्यावर आणायचं,
टोकं उलटी करायची, पुन्हा पहिल्यापासून.
उजवा हात जास्त कुरकुरतो.
"मनगटाशी चावतंय," म्हणते.
मी टॉवेल दाबून पाणी खाली नेतो.
"आता?"
"आता ठीक."

घाई तिलाच आहे. जूनमध्ये प्रदर्शन,
उशीवर अर्धवट रुमाल, रिळं टांगलेली.
"उद्या पंधरा कर."
उद्याचं उद्या बघू, म्हणतो मी,
आणि आजचा आकडा कॅलेंडरवर लिहितो,
तोही धड आकडा नाही: बारा, त्यापुढे छोटं वजा.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार.
हात पुसून ती अंगठी घालायला गेली
आणि अंगठी पेरावर अडली.
पुन्हा ढकलली. पुन्हा अडली.
बराच वेळ बघत राहिली बोटाकडे.
"साबण आण," म्हणाली.