सातवा विषय

सहावा विषय बर्फ उपसणाऱ्या ट्रकांचा.
त्यावर पन्नास मिनिटं.
आठवा बंदरावरच्या पार्किंगचा; त्याची माणसं
अंगावरचे कोटही न काढता मागे दाटीनं उभी.
मधे हा, सातवा:
वर्ना किन्नुनेन, वय त्रेसष्ट,
शहराच्या कला आयोगावर नेमणूक,
मुदत तीन वर्षं, मानधन नाही.

मी नाव नोंदवलं होतं. विरोधात.
डलुथच्या सभागृहात कुणालाही बोलता येतं,
तीन मिनिटं, मग लाल दिवा.
ती तीन मिनिटं मी अकरा वर्षं घोटत आलो होतो.

माझा अर्ज तेव्हा तिच्या टेबलावर होता:
बावीस कळसूत्री बाहुल्या,
लोहखनिजाच्या जहाजावरचे खलाशी, एक बुडणारा स्वयंपाकी,
नऊ हजार डॉलर.
पाकीट आलं. पातळ.
पातळ पाकिटात काय असतं
ते आम्हा लोकांना फोडायच्या आधीच कळतं.
आत छापील खेद, आणि खाली पेन्सिलीनं:
‘फेब्रुवारीत त्या गोदामात सरस सुकणार नाही.
हीटरचे पैसे धरलेले नाहीत. धरा आणि परत या.’

मी परत गेलो नाही.
खलाशांचे हात त्याच फेब्रुवारीत निखळले,
एकेक, रात्रीचे, फळ्यांवर टप् टप्,
आणि त्याचाही दोष मी तिच्याच खाती मांडला.

कारकुनानं वाचलं: ‘चौतीस वर्षांचा अनुभव.’
एवढंच वाचलं.
वाचनालयाच्या दोनशे बारा घडीच्या खुर्च्यांपैकी
कुठल्या अकरा बोटं चिमटतात, हे नाही वाचलं.
छत नेमकं दुसऱ्या व्हायोलिनवर गळतं
म्हणून तिनं वाजवणाऱ्यांची अख्खी रांग
दोन हात सरकवली होती, तेही नाही.
मणीकाम करणाऱ्या डेलियाचा चेक टपालात हरवला
तेव्हा दुसरा घेऊन ही स्वतः गेली,
साठ मैल, वादळात,
आणि पोचल्यावर पावतीवर सही मागितली.
खुर्ची उबवणारे मी पुष्कळ पाहिलेत.
ही खुर्च्या मोजणारी.

कडेच्या एका सभासदानं विचारलं, जांभई आवरत,
‘हा आयोग नक्की करतो काय?’
ती म्हणाली, ‘बहुतेक वेळा नाही म्हणतो.
पैसे थोडे, माणसं फार.
ते नाही कारणासकट म्हणावं लागतं,
नाहीतर माणूस परत येत नाही.’
पार्किंगवाल्यांतलं कुणीतरी हसलं.
मी नाही हसलो.

मग माझं नाव पुकारलं.
हिरवा दिवा. माईक आधीच्या माणसाच्या उंचीचा.
घोटलेलं सगळं जिभेच्या टोकाशी आलं
आणि तिथेच बसलं, चिकटून, न सुकलेल्या सरसासारखं.
तोंडातून निघालं ते भलतंच:
‘हीटरला किती धरायचे?’

अध्यक्षांनी चष्मा काढला.
ती खुर्चीतच वळली, मला ओळखलं की नाही कळलं नाही.
‘तेव्हा चारशे,’ म्हणाली. ‘आता सातशे धरा.
गोदाम तेच असेल तर आठशे.’

दिवा हिरवाच होता. दोन मिनिटं वीस सेकंद उरलेली.
कारकुनानं पेन उचलून विचारलं,
‘समर्थन लिहू की विरोध?’
मी म्हटलं, ‘गोदाम तेच आहे.’

नेमणूक मंजूर झाली. हात वर, हात खाली,
बर्फाच्या एका ट्रकाला लागला
त्याच्या दहाव्या भागाएवढा वेळ.
टाळ्या तिघांच्या; त्यातली एक तिची बहीण असावी.
आठव्या विषयाची माणसं पुढे सरसावली तेव्हा
ती उठली, बसलेली खुर्ची मिटली,
बोटं बरोबर जागी ठेवून, आणि भिंतीला टेकवली.

बाहेर उणे अठरा.
गाडी सुरू होईपर्यंत मी पार्किंगच्या पावतीमागे
बेरीज मांडत बसलो.
बावीस बाहुल्या. चव्वेचाळीस हात.
आठशे.
स्वयंपाकी बुडवायचा की वाचवायचा
ते अजून ठरलेलं नाही.