प्रकाशक

सतरा पानी करार. दुसऱ्याच पानावर
'कायमचे, जगभर, पुढे निघतील त्या माध्यमांतही.'
विट्यात झेरॉक्स पानाला दोन रुपये;
काढली नाही.

स्वतःच चढवायचं तर वर्षाला बाराशे,
हक्क आपल्याकडे,
ऐकणारेही आपणच शोधायचे.

रात्री फॉर्म उघडला.
संगीतकार: हेमलता तारळेकर.
प्रकाशक: रिकामं सोडता येत नाही.
प्रथम प्रकाशन, तारीख:

नागपंचमीच्या रात्री खिडकी उघडी ठेवून
पेटीवर चाल बसवत होते.
सकाळी खालच्या मागावर दस्तगीर
कांड्या भरता भरता तीच ओळ शिट्टीवर,
कोमल निषाद शुद्ध करून.
ती चूक बरी होती. ठेवली.
ठेका तर त्याच्या मागाचाच.

ती तारीख टाकली.
प्रकाशक: दस्तगीर मुलाणी, विटा.
पडद्यावर लाल अक्षरं:
ईमेल आवश्यक.